बंदुकीचं नाव, वय, रंग आणि वजन

मॅग्नोलिया कोर्ट, फ्लॅट नंबर बारा,
बेल्स फोर्ड, टेनेसी
३ सप्टेंबर

प्रिय डेल्बर्ट,

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून पुन्हा कागद-पेन घेऊन बसले आहे. गेल्या वेळी मी सांगितलं की माझ्या शेजारणीचा, ओपलचा गुडघा बदलला, आणि तू म्हणालास, बरं झालं, जुना टीव्ही कधीतरी बदलायलाच हवा होता. तेव्हा यापुढे पत्रच.

आमची इमारत विकली गेली. आता ती नॅशव्हिलच्या कुठल्याशा कंपनीची आहे. कंपनीने कँडेस प्रुइट नावाची एक मुलगी व्यवस्थापक म्हणून पाठवली आहे. मुलगी गुणी आहे, पण बिचारी इतकी घाबरलेली असते की जिन्यात कुणाशी गाठ पडली तरी आधी माफी मागते. कंपनीने तिला हुकूम सोडला की, नवे भाडेकरार होण्याआधी भाडेकरूंच्या बंदुकांबद्दल नियम कर. कसले नियम, ते कुणी सांगितलं नाही. कँडेसच्या कपाटात पाळीव प्राण्यांचे नियम तयार होते. तिने तेच घेतले, जिथे जिथे कुत्रा किंवा मांजर होतं तिथे बंदूक घातलं, आणि प्रत्येकाच्या दाराखालून एकेक प्रत सरकवली.

तुला खोटं वाटेल म्हणून उतरवून देते. एका फ्लॅटमध्ये दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येणार नाहीत. प्रत्येकीचं वजन पंचवीस पौंडांच्या आत हवं. आवारात नेताना पट्टा बांधलेला असावा. गॅलरीत एकटी सोडू नये. दहानंतर तिचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू येता कामा नये. गालिचा खराब केल्यास मालकाने साफ करून द्यावा. खाली रकाने आहेत: नाव, वय, रंग, वजन, आवाज करते का, एकटी सोडता का, अनोळखी माणसावर गुरगुरते का, आणि पूर्वी कोणाला चावली आहे का.

धुण्याच्या खोलीत आम्ही सगळ्याजणी हसून हसून लोटपोट झालो. मग ओपलने चष्मा लावून शेवटचा नियम वाचला आणि हसू आटोपलं. कोणाकडे बंदूक आहे आणि कोणाकडे नाही याची यादी धुण्याच्या खोलीत लावणार. का, तर चुकून कुठे मोकाट सापडली तर ती ज्याच्या त्याच्या घरी पोचवता यावी. ओपल म्हणाली, "म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांची यादी चोरांना घरपोच." झालं. सगळ्या इमारतीने 'आहे' लिहिलं. उंदराच्या सापळ्याचा आवाज झाला तर खुर्चीवर चढणाऱ्या ओपलने 'आहे' लिहिलं. सात नंबरचे फ्लॉइड टिडवेल, शाळेची बस चालवायचे ते, बंदुकवाल्यांच्या संघटनेची टोपी घालूनच झोपत असावेत, त्यांनी तर जागा पुरेना म्हणून जोडकागद लावला.

मीही 'आहे' लिहिलं. आता ऑक्टोबरमध्ये कँडेस घरोघरी येऊन बघणार, चापाला कुलूप आहे की नाही ते. ज्याने खोटं लिहिलं असेल त्याचा करार पुढे चालू राहणार नाही. माझा ऑक्टोबरअखेर संपतो. हार्लन गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून मी याच दोन खोल्यांत आहे, आणि मला इथून आडवी होऊन, पाय पुढे करूनच बाहेर पडायचं आहे.

एवढंच कळव: बाबांच्या बंदुकीचं वजन अंदाजे किती? आणि रंग नेमका कोणता म्हणायचा?

तुझी बहीण,
व्हर्ना

*

टपालपेटी क्रमांक ६१,
ड्राय फोर्क, वायोमिंग
१२ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

सही करू नकोस. केली असशील तर खोडून टाक.

स्वतंत्र माणसाच्या घरात काय आहे हे विचारायचा अधिकार त्या नॅशव्हिलवाल्यांना कुणी दिला? आपल्या पणजोबांना कुणी विचारलं नाही, आजोबांना विचारलं नाही, बाबांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. आणि तू सरळ रकाने भरत बसलीस, वर मला वजन विचारतेस. बंदूक तुझ्या पलंगाखाली आहे आणि वजनकाटा तुझ्या न्हाणीघरात आहे. दोघांची गाठ घालून दे.

रंग लिही अक्रोडी. नळ्या काळ्या-निळ्या. दस्त्याला डाव्या बाजूने दातांच्या खुणा आहेत, त्या विसरू नकोस. बाबा स्वयंपाकघरात साफ करून ती टेबलाला टेकवून ठेवायचे आणि मला तेव्हा दात येत होते. आई म्हणायची, पोराने लाकडी खेळणी टाकली आणि नेमकी तीच निवडली. मरताना बाबांनी ती मला दिली आणि हार्लनच्या अंत्यविधीला मी ती तुला दिली. कारण तू एकटी राहणार होतीस. एवढ्या एकाच गोष्टीने मला इकडे निर्धास्त झोप लागते.

माझं विचारशील तर उत्तम. घरात भिंतीवर नऊ बंदुका आहेत, आणि त्यांचं नाव-वय विचारायला इथे कुणी फिरकत नाही. फिरकला तर त्यांचीच ओळख करून देईन. पत्ता बदललाय तो बघ. बर्फ काढणाऱ्या गाडीने रस्त्यावरची टपालपेटी परत उडवली, म्हणून गावातल्या टपालकचेरीत पेटी घेतली.

त्या लोकांनी जास्त त्रास दिला तर सरळ निघून ये. चार खोल्या रिकाम्या आहेत, आणि दारातून बाहेर बघितलं तर क्षितिजापर्यंत एकही व्यवस्थापक दिसत नाही. आता आवरतो. साडेचार वाजत आले, जेवायची वेळ झाली.

डेल्बर्ट

*

बेल्स फोर्ड
२० सप्टेंबर

प्रिय डेल्बर्ट,

बस. उभा असशील तर बस, मग वाच.

बाबांची बंदूक माझ्याकडे नाही. चार वर्षांपूर्वी मी ती दिली. आपल्या गावचे बंबवाले दर वसंतात पॅनकेकची न्याहारी करून बंदुकांची सोडत काढतात, ते तू विसरला नसशील. त्या वर्षी त्यांचा पाण्याचा पाइप फाटला होता, पैसे त्यातच गेले, आणि सोडतीला ठेवायला त्यांच्याकडे एकच बंदूक होती. त्यांनी चर्चमध्ये विचारलं, कुणाकडे एखादी पडून आहे का. मी हात वर केला. ती पलंगाखाली कधीच नव्हती, कोटांच्या कपाटात होती, आणि कोट काढायला दार उघडलं की ती आधी समोर यायची. हार्लनचा कोट आणि ती, दोघं शेजारी शेजारी. मला ते रोज बघवेना. आता तिथे इस्त्रीचं टेबल असतं. ते कुणाची आठवण करून देत नाही.

ती कुणाला लागली ते मला माहीत नाही. पॅनकेक संपले तशी मी घरी आले.

तू रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं. आता रागाव, पण ऑक्टोबरनंतर. आत्ता मला एक बंदूक हवी आहे, ती पण एका दुपारपुरती. तुझ्या भिंतीवर नऊ आहेत. त्यातली सगळ्यात म्हातारी, सगळ्यात गरीब, कुणाला नको असलेली पाठव. कँडेसने बघितली की दुसऱ्या दिवशी परत करते.

आणि तू साडेचारला कधीपासून जेवायला लागलास? पूर्वी नऊच्या आत तुला ताटावर आणायला घंटा बडवावी लागायची.

व्हर्ना

*

ड्राय फोर्क
१ ऑक्टोबर

व्हर्ना,

तुझं पत्र मिळालं. बंबवाल्यांच्या सोडतीत. पॅनकेकबरोबर. बरं.

बंदूक पाठवता येणार नाही. टपालाने अशी परराज्यात बंदूक पाठवता येत नाही, दुकानदारामार्फत जावं लागतं, आणि इथला दुकानदार माझ्याशी बोलत नाही. शिवाय मी त्या सगळ्या कपाटात कुलूपबंद केल्या आहेत आणि किल्ली वेंडेलने कुठेतरी ठेवली आहे. माझा मुलगा वस्तू कुठे ठेवतो ते तुला ठाऊक आहे. शिवाय शिकारीचे दिवस आहेत, सगळ्या वापरात आहेत.

तुझ्या गावात दुकान असेलच. तिथून घे.

नाहीतर इकडे ये, सांगितलंच आहे.

डेल्बर्ट

*

बेल्स फोर्ड
८ ऑक्टोबर

प्रिय डेल्बर्ट,

कपाटात कुलूपबंद आणि शिवाय वापरात. तू लहानपणी सुद्धा एका वेळी तीन सबबी सांगायचास, आणि आई म्हणायची की एक सांगितली असती तर मी विश्वास ठेवला असता. तू रागावला आहेस, एवढं सरळ लिहायला काय झालं होतं?

गेले होते मी दुकानात. महामार्गावर गादीवाल्याच्या शेजारी आहे. फार अगत्याने वागले. काउंटरवरच्या मुलाने मला बसायला स्टूल दिलं, पेपरमिंटची गोळी दिली आणि बायकांसाठी खास म्हणून एक गुलाबी बंदूक काढून दाखवली. मी म्हटलं, मला न उडणारी हवी. तो म्हणाला, मावशी, तसला माल आम्ही ठेवत नाही. मग त्याने सांगितलं की कागदपत्रं झाली की बंदूक पाव तासात हातात. मी तिथेच हसत सुटले. या फ्लॅटसाठी हार्लन गेल्यावर मला आधीच्या घरमालकाचं पत्र, पाद्रीसाहेबांचं पत्र आणि बँकेचं पत्र आणावं लागलं होतं, तरी त्यांनी आठवडाभर विचार केला. बंदूक ठेवायला जागा मिळवणं कठीण, बंदूक मिळवणं सोपं.

पण मी घेतली नाही. त्याने ती माझ्या हातात दिली, मी परत काउंटरवर ठेवली. मला ती एका दुपारपुरती हवी होती रे, उरलेल्या आयुष्यासाठी नाही. घर टिकवायला म्हणून ती आणायची आणि मग तिच्याचबरोबर त्या घरात राहायचं, हे मला जमणार नाही.

तेव्हा ठरवलं. मी तुझ्याकडे येते. तू दोनदा बोलावलंस, रागात का होईना बोलावलंस. कँडेसला तपासणीच्या दिवशी खरं सांगून टाकते आणि महिनाअखेरीला निघते. सोफा ओपलला दिला, ती आत्ताच माप घेऊन गेली. खिडकीतली जिरेनियमची कुंडी तेवढी आणीन. चारपैकी कुठली खोली देतोस ते ठरव. पूर्वेची दिलीस तर बरं, मला सकाळी ऊन लागतं.

भिंतीवरच्या नऊजणींची मला भीती वाटेल, पण तू असशील.

व्हर्ना

*

ड्राय फोर्क
१४ ऑक्टोबर, जलद टपालाने

व्हर्ना,

येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर.

चार खोल्या नाहीत. एक आहे. तिच्यात एक पलंग, एक खुर्ची आणि पाहुण्यासाठी एक घडीची खुर्ची आहे. या जागेचं नाव कॉटनवुड हाउस. म्हाताऱ्यांना ठेवतात. मार्चमध्ये मी कोठारात पडलो आणि दुपारपर्यंत तिथेच होतो. त्यानंतर वेंडेलने ठरवलं. जमीन गेली, घर गेलं. नऊ बंदुका अंगणात टेबलावर मांडून विकल्या, चिनीमातीच्या बश्यांशेजारी. मी गाडीत बसून बघत होतो. लोक त्या उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. बश्या आधी संपल्या.

बर्फाच्या गाडीचं खोटं. इथला पत्ता पाकिटावर लिहायची लाज वाटली.

इथे बंदुकीचा नियम एका ओळीचा आहे: चालणार नाही. पहिल्याच दिवशी सही घेतली. मीही केली. तुला ज्या आवेशात लिहिलं होतं त्याच्या सहा महिने आधी मी मुकाट सही करून बसलो होतो. जेवण साडेचारला असतं.

आता सगळंच सांगतो. आमच्या टेबलावर तिघे आहेत, तिघेही शेतावरून आलेले, आणि तिघेही रोज आपल्या गेलेल्या बंदुकांचं पुराण लावतात. एकदा मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, माझी अजून गादीखाली आहे. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर इथल्या मुख्य बाई दोन माणसं घेऊन आल्या आणि गादी उचलली. न्याहारीला मिळतात त्या जॅमच्या पुड्या निघाल्या. मी त्या साठवतो, का ते मला माहीत नाही. सगळा मजला दारात उभा होता. तेव्हापासून मला इथे जॅमवाला म्हणतात.

तुझ्यावर रागावलो नव्हतो, व्हर्ना. तुझ्याकडे ती एक आहे, आपल्या घरातली एक तरी कुठेतरी नांदते आहे, अशा समजुतीवर मी इथे दिवस काढत होतो. तीही पॅनकेकबरोबर गेली हे वाचून मला उगीच रडू आलं. तुझी चूक नाही. मी असतो तर मीही इस्त्रीचं टेबलच ठेवलं असतं.

पण तू घर सोडू नकोस. काहीही कर. हात जोड, खोटं बोल, त्या मुलीला केक करून घाल. मला माझं घर राखता आलं नाही. तुझं तरी राहू दे.

डेल्बर्ट

*

बेल्स फोर्ड
२५ ऑक्टोबर

माझ्या भावा,

तुझं पत्र तपासणीच्या आदल्या दिवशी आलं. टपालपेटीपाशी उभ्या उभ्या वाचलं, मग जिन्यावर बसून वाचलं. तू सकाळपासून दुपारपर्यंत कोठारात पडून होतास आणि मला ते आत्ता कळतंय. त्याबद्दल तुझ्याशी भेटल्यावर भांडेन.

सोफा मी ओपलकडे परत मागितला नाही. म्हटलं, जायला जागा नाही, तरी जावं तर लागणारच. रात्रभर एकच विचार, की कँडेसला काय सांगू. सकाळी सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक केला, आई करायची तसा. तू लिहिलं होतंस म्हणून, आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून.

दुपारी मागच्या दारावर टकटक. फ्लॉइड टिडवेल टोपी हातात घेऊन उभे. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मागे ओपल, तिची धुण्याची गाडी घेऊन, वर टॉवेलांचा ढीग. फ्लॉइड खाली बघत म्हणाले, "मिस व्हर्ना, तुमची दुरुस्तीला गेली आहे असं ओपल म्हणत होत्या. तोवर माझी ठेवा." दुरुस्तीला. ओपलने माझी अब्रू राखायला रचलेली कहाणी.

तेव्हा मला कळलं की सकाळपासून इमारतीत काय चाललं आहे. सगळ्या इमारतीत बंदूक एकट्या फ्लॉइडकडे होती. सगळ्यांनी 'आहे' लिहिलं होतं आणि कुणाकडेच नव्हती. कँडेस पुढच्या दाराने आत यायची, बघायची, लिहायला टेबलाशी बसायची, तोवर ओपल मागच्या दाराने गाडी ढकलत पुढच्या घरी. ज्या गुडघ्यासाठी ती तीन महिने कण्हत होती त्या गुडघ्याने तिने मागचा जिना चार वेळा केला. मी सगळ्यात टोकाला राहते, म्हणून माझी पाळी शेवटी.

फ्लॉइडनी टॉवेल बाजूला केले. डेल्बर्ट, दस्त्याच्या डाव्या बाजूला दातांच्या खुणा होत्या.

चार वर्षं बाबांची बंदूक माझ्यापासून पाच दारं सोडून राहत होती. सोडतीत फ्लॉइडना लागली होती. त्यांच्या आयुष्यातली पहिली आणि एकुलती एक; जोडकागदभर हिचंच वर्णन होतं. टोपी त्यांनी नंतर घेतली. काडतुसं कधी घेतलीच नाहीत, आवाजाने त्यांचा कुत्रा पलंगाखाली जातो. मी त्या खुणांवर अंगठा ठेवला आणि मला तू दिसलास, ओल्या हनुवटीचा, टेबलाखाली बसलेला. चार वर्षांपूर्वी मला ती बघवत नव्हती. त्या दिवशी मला ती सोडवेना.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. ओपल आणि फ्लॉइड न्हाणीघरात शिरले.

कँडेस आली, दाराशीच उभी राहिली. पोरीचा चेहरा पांढराफटक. मग कळलं की तिला बंदुकांची इतकी भीती की सकाळपासून ती प्रत्येक घरी बंदूक लांबूनच बघायची आणि तिच्याकडे पाठ करून लिहायला बसायची. माझ्याकडे केकचा वास आला म्हणून आत आली. बसली. एक तुकडा खाल्ला. मग तिने एकेक रकाना विचारायला सुरुवात केली. आवाज करते का? मी म्हटलं, बऱ्याच वर्षांत नाही. एकटी सोडता का? म्हटलं, आज तर क्षणभर नाही. तिने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि जवळ येऊन दस्त्याकडे बघितलं.

"मिसेस स्टोकली," ती हळूच म्हणाली, "फ्लॉइडसाहेबांच्या घरी हिचं नाव मेबल होतं. ओपलबाईंच्या घरी रूबी. वरच्या मजल्यावर ही शंभर वर्षांची होती आणि शेजारी नवी कोरी. आणि सगळ्याजणींना याच जागी कुत्रा चावलेला. तुमच्याकडे काय नाव सांगता?"

मी म्हटलं, "आमच्याकडे नाव नाही. आमच्या बाबांची आहे." आणि मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं, सोडत, कपाट, हार्लनचा कोट, सगळं. तुझंही सांगितलं, जॅमसकट. रागावू नकोस. न्हाणीघरातून ओपलचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

कँडेस म्हणाली, कंपनीला एवढंच हवं आहे की प्रत्येक बंदूक बघितली आणि प्रत्येकीला कुलूप होतं. प्रत्येक वेळी कुलूप होतंच. एकच बंदूक होती असं लिहिलं तर उद्या तिला सगळ्या म्हाताऱ्यांना घराबाहेर काढावं लागेल, आणि मग रिकाम्या इमारतीला व्यवस्थापक कशाला हवी? तिने दुसरा तुकडा घेतला आणि माझ्या कागदावर सही केली. वर्षभराचा करार. ओपल त्याच संध्याकाळी सोफा परत घेऊन आली, म्हणजे दोन पोरांना आणायला लावला.

आता कंपनीच्या दप्तरी मॅग्नोलिया कोर्ट ही टेनेसीतली सगळ्यात सशस्त्र आणि सगळ्यात शिस्तीची इमारत आहे. नॅशव्हिलहून कँडेसला शाबासकीचं पत्र आलं. फ्लॉइड मला बंदूक परत द्यायला निघाले होते, मी घेतली नाही. म्हटलं, तिला आता घरं बदलायची सवय झाली आहे, पण झोपायला तुमच्याकडेच असू दे. रविवारी बघायला येईन म्हटलं. येईन नव्हे, येऊ.

कारण कँडेस निघताना मी तिला विचारलं, पाहुणा कायमचा राहायला आला तर काय नियम? नियम नव्हताच. तिच्याकडे तोच एक कागद. तिने 'बंदूक' खोडून 'पाहुणा' लिहिलं आणि शिक्का मारून दिला. सोबत पाठवते. निम्मा मीच भरला आहे. नाव: डेल्बर्ट. वय: चौऱ्याहत्तर. रंग: तांबूस, रागात जास्त. अनोळखी माणसावर गुरगुरतो का: हो, पण तेवढंच. बाकीचे रकाने तू भर. पुढची खोली पूर्वेची आहे, कोटांच्या कपाटातलं इस्त्रीचं टेबल मी आजच हलवते, तुझा कोट तिथे राहील. इथे जेवण नऊला. घंटा मी वाजवीन.

ये.

व्हर्ना

*

कॉटनवुड हाउस, खोली अठरा,
ड्राय फोर्क, वायोमिंग
३ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,

वेंडेलला सांगितलं. तो आधी नाही म्हणाला, मग तुझा कागद वाचून हसला आणि बसचं तिकीट काढून आला. मी शनिवारी निघतो. टेबलावरच्या तिघांना सांगितलं की मी माझ्या बंदुकीकडे राहायला चाललो आहे. त्यांनी विश्वास ठेवला नाही. पहिल्यांदाच खरं बोललो होतो.

जॅमच्या पुड्या आणतो आहे. चिकार आहेत.

तुझा कागद भरून परत पाठवतो. त्या मुलीला दे.

वजन: पंचवीस पौंडांच्या वर आहे, तिने जरा समजून घ्यावं.

दहानंतर आवाज: घोरतो. भिंत जाड असेल तर बरं.

गालिचा: काळजी घेईन.

एकटा सोडल्यास चालतो का: नाही.

पूर्वी कोणाला चावला आहे का: होय. एकदाच, बाबांच्या बंदुकीला.

डेल्बर्ट